चौदा मार्चचा शिक्का

अच्युत कानड्याला इंदूरच्या रामबागेत सगळे 'पाकीटवाला' म्हणत आणि त्याला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. लोक तिकिटं जमवतात. अच्युतला तिकिटांशी देणंघेणं नव्हतं. त्याला हवी असत पाकिटं, पाकिटांवरचे टपालाचे शिक्के, आणि तेही एकाच जहाजावरून आलेले. जहाज लढाईतलं, समुद्रातले सुरुंग काढणारं, नाव 'क्षिप्रा'. इंदूरपासून मुंबईचा समुद्र साडेतीनशे मैल लांब, आणि या गृहस्थानं तो जन्मात एकदाच पाहिलेला, तोही चौपाटीवर भेळ खाताना. पण खूळ म्हटलं की अंतर कोण मोजतो?

खुळाचं मूळ होतं शाम मोहिते. शाम त्याचा शाळेपासूनचा मित्र, होळकरांच्या रिसाल्यातले निवृत्त जमादार दौलतराव मोहिते यांचा एकुलता एक मुलगा. सात पिढ्या घोड्यावर बसलेल्या घरातला हा पोरगा आरमारात गेला आणि 'क्षिप्रा'वर टपालाचं काम बघू लागला. लढाईच्या काळात पाकिटावर जहाजाचं नाव येऊ देत नसत. नुसता गोल शिक्का, त्यात तारीख आणि एक आकडा. तो आकडा कोणत्या जहाजाचा हे शोधण्यात मोठमोठ्या संग्राहकांची वर्षं जात. अच्युतला ते घरबसल्या माहीत होतं, कारण शिक्का मारणाराच त्याचा मित्र होता. शाम दर महिन्याला एकदोन पाकिटं त्याच्या नावे धाडत असे, पत्ता स्वतःच्या तिरप्या अक्षरात लिहून.

त्यातलं शेवटचं पाकीट म्हणजे अच्युतच्या आयुष्याची कमाई. जहाजाच्या दुसऱ्या वाढदिवसाचं ते खास पाकीट होतं. शामनं जुन्या बुटाच्या टाचेचं रबर कोरून त्यावर नदीच्या तीन लाटांची मोहोर उठवली होती आणि शेजारी ठसठशीत शिक्का होता, १४ मार्च १९४४. पंधरा मार्चला 'क्षिप्रा' सुरुंगावर आदळून बुडाली. ऐंशी माणसांतला एकही वाचला नाही. बुडण्याच्या आदल्या दिवशीचा शिक्का असलेलं असं पाकीट साऱ्या हिंदुस्थानात एकच होतं आणि ते रामबागेत होतं. आठ वर्षांनी, म्हणजे बावन्न सालच्या उन्हाळ्यात, मुंबईच्या एका प्रदर्शनात त्याला पहिला नंबर मिळाला, आणि इंदूरच्या एका वर्तमानपत्रानं पाकिटाचा फोटोही छापला. अच्युत आठवडाभर सचिवालयातल्या आपल्या ऑफिसात छाती पुढे काढून फिरला.

तो फोटो दौलतरावांनी पाहिला आणि तिथून सगळं सुरू झालं.

दौलतरावांचं दुःख साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. जहाज बुडाल्यावर मेलेल्यांची यादी निघाली, तिच्यात शामचं नाव नव्हतं. जहाजावरची हजेरी जहाजाबरोबर गेली, आणि कोलंबोच्या किनाऱ्यावरच्या तळाच्या रजिस्टरात एवढंच लिहिलेलं, की नऊ मार्चच्या संध्याकाळी टपालाची पिशवी घेऊन मोहिते खाली उतरला. परत चढल्याची नोंद नाही. जहाज दहा तारखेला कोलंबोहून सुटलं. म्हणजे मोहिते फरार. तेव्हापासून म्हातारा दसऱ्याच्या मिरवणुकीत सामील झाला नव्हता. मिरवणूक राजवाड्यावरून निघाली की हा घराची खिडकी लावून घेत असे.

आता म्हातारा वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन अच्युतच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण कणा अजून ताठ.

"हे अक्षर कुणाचं आहे, अच्युत?"

"शामचं, काका."

"आणि तारीख चौदा. बरोबर ना? मग नऊला पळालेला माणूस चौदाला जहाजावर शिक्के कसे मारून राहिला होता? सांग मला." दौलतरावांचा आवाज तिथे फुटला. "आठ वर्षं सबूत तुझ्या घरात पडलेला होता, भिया. आठ वर्षं!"

अच्युतनं मान डोलावली. दुसरं काय करणार? तारीख खोटी आहे हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं.

पाकिटात एक चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीत शामनं स्वच्छ लिहिलं होतं, की टपाल दहा तारखेलाच जाणार म्हणून शिक्क्याची तारीख मी चार दिवस पुढे सरकवली आहे. संग्राहकांच्या जगात अशा पाकिटाला मान नसतो. मर्जीखातर मारलेला शिक्का म्हणजे बनवलेला माल. अच्युतनं चिठ्ठी वाचली आणि ती संग्रहाच्या वहीच्या पानामागे, पुठ्ठ्याच्या अस्तरात सरकवून दिली. तसंही या मंडळींच्या लेखी आतला कागद म्हणजे टरफल. जपायचं ते पाकीट. शेवटी शामच्या बायकोबद्दल, यशोधरावहिनींबद्दल, दोनेक ओळी होत्या हे त्याला आठवत होतं. कोणत्या होत्या ते आठवू नये याची मात्र त्यानं आठ वर्षं नीट काळजी घेतली होती.

दौलतरावांनी अर्जावर अर्ज केले. अखेर मुंबईहून आरमाराचा एक अधिकारी इंदूरला येणार आणि सचिवालयातल्याच एका खोलीत एक दिवस बसून प्रकरणाचा कायमचा निकाल लावणार असं ठरलं. तारीख पडली नवरात्राच्या आदल्या आठवड्यातली. अच्युतला हुकूम आला, पाकीट घेऊन गवाहीला हजर राहावं.

आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो कृष्णपुऱ्याच्या पुलाशी आला, तर होळकरांच्या समाधी-छत्र्यांच्या बाजूला यशोधरा उभी होती. शामची बायको. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. हे कुंकू बघून गल्लीतल्या बायका पाठीमागे काय बोलत ते तिला ऐकू येत होतं, पण तिनं ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

"भाऊजी, दोन मिनिटं."

"बोला ना, वहिनी."

टांगा गेला, मग एक सायकल गेली, तरी ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"उद्या तुम्ही ते पाकीट नका दाखवू."

"का, वहिनी?"

"मामंजींना वाटतं, मुलगा इज्जतीनं गेला हे लिहून मिळावं. मला इज्जत नको. मला ते हवेत." तिचा आवाज चढला नाही. "पळाले असतील, तर कुठे तरी असतील ना? लंकेत असतील, मद्रासला असतील. दुसरं घर केलं असेल तरी चालेल मला. साहेबानं एकदा लिहिलं, की चौदाला जहाजावर होते, की संपलंच सगळं. मग हे पुसावं लागेल मला." तिनं कपाळाकडे बोटही नेलं नाही, पण अच्युतला कळलं.

"वहिनी, इतकी वर्षं एक चिठ्ठी नाही आली त्याची..."

"नाहीच येणार." ती चटकन म्हणाली. "ते माझ्यावर रागावून गेलेत. शेवटच्या रजेत पंधरा दिवस घरी होते आणि रोज तुमच्याकडे पाकिटं चिकटवत बसायचे. निघताना मी म्हटलं, जहाजावरच राहा आता, या घरात परत नका येऊ. देवासमोर उभी राहून म्हटलं, भाऊजी. तसेच गेले, मागे वळून पण नाही पाहिलं. म्हणून नाही आले. राग गेला की येतील."

चिठ्ठीतल्या त्या दोन ओळी कुठे तरी आत हलल्या, पण अक्षरं लागेनात. त्यानं तेव्हाच सांगायला हवं होतं, की वहिनी, घरी चला, एक कागद दाखवतो. पण कागद दाखवला तर ती विचारणार, आठ वर्षं का नाही दाखवला? या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते तोंडातून काढायची त्याला लाज वाटली.

"बघतो," तो म्हणाला. असलं पुळचट उत्तर त्यालाच ऐकवेना. तो भराभर चालू लागला.

घरी तो जेवला नाही. बायको सरोजिनीनं दोनदा विचारलं आणि मग नाद सोडला. अच्युत वही पुढ्यात घेऊन बसला. एका बाजूला म्हातारा, ज्याला मुलगा मेलेला हवा होता, पण जहाजावर. दुसऱ्या बाजूला ही बाई, जिला नवरा पळपुटा चालणार होता, पण जिवंत. मधे हा पाकीटवाला. उद्या तो 'तारीख खरी' म्हणाला तर खोटी साक्ष होणार होती आणि वहिनीचं कुंकू जाणार होतं. चिठ्ठी दाखवली तर त्याची अब्रू गेली, पहिला नंबर गेला, दौलतरावांची मान कायमची खाली गेली. पण तिचा नवरा तिच्यापुरता तरी जिवंत राहिला असता. आणि तारीख खोटी होती हे खरंही होतं. या शेवटच्या विचारानं त्याला जरा बळ आलं. पुठ्ठ्याचं अस्तर सोडवून त्यानं चिठ्ठी काढली आणि घडी न उलगडता कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. वाचायचं धैर्य झालं नाही. तारखेची ओळ त्याला पाठ होती आणि काम तेवढ्याशीच होतं, असं त्यानं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी अकराला सगळे सचिवालयात जमले. दर हिवाळ्याप्रमाणे सरकार दसऱ्यानंतर ग्वाल्हेरला हलायचं होतं, म्हणून व्हरांड्यात फायलींचे लाल बस्ते बांधायचं काम आतापासूनच चाललं होतं. खोलीत टेबलामागे लेफ्टनंट कमांडर सामंत बसले होते. मालवणकडचा माणूस, पन्नाशीचा, कमी बोलणारा. संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं हे ते दोनदा म्हणाले. दौलतराव जुन्या रिसाल्याचा कोट घालून आले होते. कोट आता खांद्यावर सैल पडत होता. यशोधरा दाराजवळच्या खुर्चीत बसली. तिनं एकदाच अच्युतकडे पाहिलं.

सामंतांनी पाकीट हातात घेतलं. भिंग लावून शिक्का पाहिला, लाटांची मोहोर पाहिली, पत्त्याचं अक्षर शामच्या जुन्या अर्जाशी ताडून पाहिलं.

"अक्षर मोहित्यांचंच आहे," ते म्हणाले. "शिक्काही जहाजाचाच. आता कानडे, तुम्ही शपथेवर सांगा. हे पाकीट तुम्हाला टपालानं आलं?"

"हो, साहेब."

"तुमच्या माहितीप्रमाणे हा शिक्का चौदा मार्चलाच मारला गेला?"

दौलतराव किंचित पुढे झुकले. त्यांच्या गुडघ्यावरचा हात अच्युतला दिसत होता, शिरा तटतटलेला. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. म्हातारा यंदा दसऱ्याला मिरवणुकीत गेला असता.

"कानडे?"

"नाही, साहेब," अच्युत म्हणाला. "तारीख पुढे सरकवलेली आहे. शामनं मला तसं लिहिलं होतं."

त्यानं चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. दौलतराव त्याच्याकडे असे बघत राहिले की अच्युतनं डोळे टेबलावरून वर उचलले नाहीत. दाराकडून मात्र एक लांब सुटलेला श्वास त्याला ऐकू आला, आणि त्या एवढ्या आधारावर तो उभा राहिला.

सामंतांनी चिठ्ठी वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तुम्ही नीट वाचलं आहे का?"

"तारखेचं वाचलं आहे, साहेब."

"तारखेचं." सामंतांनी चष्मा परत चढवला. "मी मोठ्यानं वाचतो. नोंदीत घ्यावं लागेल." आणि ते सपाट आवाजात वाचू लागले.

"'अच्युत, आज दहा तारीख. वाढदिवस चौदाला, पण तेव्हा आम्ही भर समुद्रात असू आणि पुढचं टपाल कधी जाईल ते देव जाणे. म्हणून शिक्क्याची तारीख चार दिवस पुढे सरकवून तुझं पाकीट तयार केलं आहे. कुणाला सांगू नको, माझी नोकरी जाईल. बंदर मागे पडलं आहे. पायलट उतरायला निघाला आहे, त्याच्याच हाती पिशवी द्यायची, म्हणून घाई.'"

ते थांबले. "पायलट म्हणजे जहाज बंदराबाहेर काढून देणारा वाटाड्या. बाहेर आल्यावर तो आपल्या होडीत उतरतो आणि परत फिरतो. जहाज दहा तारखेला सकाळी सुटलं हे पक्कं आहे. जहाज सुटल्यावर हे लिहिणारा माणूस जहाजावर होता. म्हणजे नऊला रात्री तो परत आला होता. रजिस्टरात नोंद करायची राहिली. त्यानंतर बुडेपर्यंत 'क्षिप्रा' कुठल्याही बंदराला लागली नाही." ते दौलतरावांकडे वळले आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला. "जमादारसाहेब, तुमचा मुलगा पळाला नव्हता."

दौलतराव उभे राहिले. सलाम करायला हात वर गेला आणि अर्ध्यात थांबला. मग ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागले. आठ वर्षं जे हवं होतं ते मिळाल्यावर म्हाताऱ्याला कळलं, की मिळालं आहे ते मुलाचं मरण.

अच्युतला वाटलं होतं, आपण शामला वाचवतो आहोत. भिंग लावून शिक्क्यातल्या आकड्याची शेपटी ओळखणारा माणूस, आणि वीतभर लांबीच्या चिठ्ठीत त्याला एक तारीख सोडून काही दिसलं नव्हतं. अस्तरात कोंबली त्या दिवशीच ही चिठ्ठी दौलतरावांकडे नेली असती, तर शामला फरार म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

"अजून दोन ओळी आहेत," सामंत म्हणाले. त्यांनी यशोधरेकडे पाहिलं. "त्या तुमच्यासाठी आहेत, बाई. मी वाचणं बरं नव्हे."

यशोधरा उठली. टेबलापाशी येईपर्यंत तिची चाल सरळ होती. तिनं चिठ्ठी घेतली आणि उभ्याउभ्याच वाचली, ओठ हलवत, शाळेतल्या मुली वाचतात तशी. शेवटच्या ओळीशी ओठ थांबले. मग तिनं त्या दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या, कुणाला ऐकवायला नव्हे, आपल्यालाच खरं वाटावं म्हणून.

"'यशोला सांग, मी रागावलेलो नाही. ती बोलली ते बरोबरच होतं, सगळी रजा तुझ्याकडे डिंक लावत बसलो. पुढच्या रजेत तिला महेश्वरला नेतो, तू पाकिटं घेऊन आडवा येऊ नको.'"

बाहेर व्हरांड्यात चपराशी बस्त्यांची गाठ आवळत एकमेकांशी हसत होते.

"साहेब, हा कागद मला मिळेल?" तिनं विचारलं.

"फायलीला लावावा लागेल, बाई. याच्यावरच सगळा निकाल उभा आहे. नक्कल मी पाठवतो."

"नक्कल मीच करते. मला दौत-टाक द्या."

तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून तिनं ती चिठ्ठी उतरवून घेतली, सगळी, तारखेसकट, पायलटसकट. एक चूक झाली तेव्हा खोडून पुन्हा लिहिलं. अच्युत तिच्या मागे येऊन उभा राहिला. काय बोलावं याची त्यानं मनात दहा वाक्यं जुळवली आणि दहाही टाकून दिली.

"वहिनी..."

"तुम्हाला सांगायला सांगितलं होतं त्यांनी," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही मला नुसतं सांगायचं होतं, भाऊजी. एवढंच तर काम होतं."

तिनं शाई टिपली, कागदाची घडी केली आणि पोलक्यात ठेवली. चिठ्ठी सामंतांना परत दिली. मग सासऱ्यांच्या खांद्याला धरून त्यांना उठवलं आणि ती दोघं जिना उतरून गेली.

सामंतांनी चिठ्ठी फायलीला टाचली आणि पाकीट अच्युतपुढे सरकवलं. "याची आम्हाला गरज नाही," ते म्हणाले. "तुम्ही नेऊ शकता."